किनाऱ्यावरचे पक्षी: आधी भरती, मग महिना, मग ठिकाण

कोकण किनाऱ्यावर पक्षी बघायला कुठे जावे, हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न ‘पाणी किती वाजता?’ आणि दुसरा ‘महिना कोणता?’ या दोन्हींची उत्तरे हातात नसतील, तर नावाजलेल्या ठिकाणी जाऊनही समोर नुसता ओला चिखल दिसतो. पक्षी दीड किलोमीटर आत, पाण्याच्या काठाला ठिपक्यांसारखे. तीच जागा तीन तासांनी पाहिली तर पायांपासून हाकेच्या अंतरावर शेकडो पक्षी उभे असतात. जंगलात पहाटे उठून गेले की बहुतेक वेळा काम होते. किनाऱ्यावर नुसत्या पहाटेला फारसा अर्थ नाही.

भरतीची वेळ काढायला आपल्याकडे जुना हिशेब आहे आणि तो अजून चालतो. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पूर्ण भरती दुपारी पावणेचारच्या सुमारास, आणि तशीच पहाटेही. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब एकच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. ठिकाणानुसार अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो: किनाऱ्याने दक्षिणेकडे जावे तशी भरती थोडी आधी येते, खाडीच्या आतल्या टोकाला उशिरा. नेमकी वेळ हवी असेल तर छापील किंवा मोबाइलवरचे भरतीचे वेळापत्रक बघा. पण पुढच्या महिन्यातला कोणता रविवार उपयोगाचा, हे घरातल्या कालनिर्णयावरूनच कळते.

वेळेइतकेच पाणी किती चढते हेही बघावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी खूप वर येते आणि तितकेच खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची हालचाल कमी. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. वेंगुर्ल्याकडे तो त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. या एका आकड्यात किनाऱ्याचा सगळा स्वभाव आहे. उत्तरेला ठाणे, उरण, डहाणू या पट्ट्यात पाणी हटले की मैलोगणती चिखल उघडा पडतो आणि त्या चिखलातल्या किडे, शिंपल्या, खेकड्यांवर जगणारे पक्षी तिथे हजारांनी येतात. दक्षिणेला वाळू, खडक आणि नदीमुखे. तिथे संख्या कमी, पण उत्तरेत सहसा न दिसणारे काही पक्षी तिथेच भेटतात.

ठाणे खाडी आणि भोवतालची तळी

सुरुवात इथूनच करा, कारण लोकलने जाता येते. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून यायला लागतात आणि पहिला पाऊस पडेपर्यंत राहतात. गर्दी खरी फेब्रुवारीनंतर. त्यामुळे डिसेंबरात जाऊन ‘फारसे नव्हते’ म्हणत परतणाऱ्यांनी मार्चमध्ये पुन्हा जावे. त्यांच्यात दोन जाती असतात. बुटका, गडद लाल चोचीचा, अंगावर जास्त गुलाबी तो लहान रोहित. उंच, पांढुरका, फिकट गुलाबी चोचीला काळे टोक असलेला तो मोठा. करड्या-तपकिरी रंगाचे दिसले तर ती तिसरी जात नव्हे, ती पिल्ले.

ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन प्रतिष्ठानाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तिथून बोटीने खाडीत नेतात. बोटीची वेळ पाण्यावर ठरते, म्हणून आधी आरक्षण करा आणि त्यांनी दिलेली वेळ आडनिडी वाटली तरी तीच घ्या. बोट नको असेल तर उजेडाचा हिशेब करा. ऐरोली आणि नेरूळची बाजू खाडीच्या पूर्वेला, तोंड पश्चिमेकडे. तिथे सकाळचे ऊन पाठीवर येते आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. शिवडी पश्चिम काठावर, तिथे दुपारनंतरच जावे. सकाळी शिवडीला पोचलात तर सगळे पक्षी काळ्या सावल्या होऊन दिसतील. शिवडीसाठी पंचमी-षष्ठीचा दिवस धरा: भरती चार-साडेचारला, तुम्ही दोनपर्यंत पोचायचे आणि पाणी पक्ष्यांना ढकलत तुमच्याकडे आणेपर्यंत थांबायचे. अटल सेतूचे खांब आता त्याच चिखलातून गेले आहेत. जेट्टीवर प्रवेश आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या.

उधाणाच्या भरतीला खाडीतला सगळा चिखल बुडतो. मग हे हजारो पक्षी कुठे जातात? नवख्यांना हा प्रश्न पडत नाही आणि खरी गंमत तिथेच आहे. ते कांदळवनाच्या आतल्या उथळ तळ्यांवर आणि जुन्या मिठागरांवर येऊन, पाणी उतरेपर्यंत एका पायावर उभे राहतात. नेरूळचे डीपीएस तळे, टी. एस. चाणक्यच्या मागची पाणथळ, भांडुप उदंचन केंद्राचा परिसर, उरणचे पाणजे ही ती ठिकाणे. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या दिवशी दहाच्या सुमारास तिथे पोचा आणि दीडपर्यंत थांबा. पक्षी थव्याथव्याने येताना दिसतात, जवळ उतरतात आणि बराच वेळ एका जागी राहतात. एखादी जात शांतपणे ओळखायला शिकण्याची ही सर्वांत सोयीची संधी आहे. ही तळी भरावासाठी सोपी वाटतात, कारण ओहोटीला गेलेल्या माणसाला तिथे एकही पक्षी दिसत नाही. उधाणाच्या दोन तासांत त्यांची किंमत कळते.

उरणकडे जाणाऱ्यांना एक सूचना. त्या परिसरात नौदलाच्या आणि बंदराच्या हद्दी आहेत. तिकडे दुर्बीण किंवा लांब लेन्स रोखू नका. ओळखपत्र खिशात असू द्या आणि हटकले तर वाद न घालता काय करतो आहोत ते सांगा. आणि कुठल्याही खाडीत चिखलावर उतरू नका. वरून कडक दिसणाऱ्या चिखलात माणूस मांडीपर्यंत जातो, आणि भरतीचे पाणी मागच्या चरातून गुपचूप येते.

तपकिरी पक्ष्यांचे काय करायचे

रोहित ओळखायला कुणाची मदत लागत नाही. घाबरवतात ते बारके तपकिरी-करडे पक्षी, ज्यांच्या चित्रांची पाने पुस्तकात आपण भराभर उलटतो. रंग सोडून द्या. हिवाळ्यात सगळ्यांचा रंग सारखाच मळकट असतो. चाल बघा. चिखल्या धावतो, थबकतो, एकदा टोचतो, पुन्हा धावतो. चोच आखूड, डोळा मोठा, कारण तो नजरेने शिकार करतो. तुतवार कुळातले पक्षी न थांबता चालत राहतात आणि चोच चिखलात खुपसत जातात. त्यांना भक्ष्य दिसत नाही, चोचीच्या टोकाला जाणवते. एवढा एक फरक पक्का झाला की अर्धा थवा वेगळा होतो.

मग चोचीची लांबी. ज्याची चोच वीतभर आणि खाली वळलेली, तो कुरल. तसाच पण लहान आणि डोक्यावर पट्टे असलेला तो छोटा कुरल. लांब, सरळ किंवा किंचित वर कललेली चोच गॉडविटची. चोच ठळकपणे वर वळलेली आणि अंग काळे-पांढरे असेल तर उचाट्या. लाल पायांचा टिलवा तर सगळ्यांच्या आधी ओरडतो आणि अख्खा थवा उडवतो. वाळूवर लाटेच्या मागेपुढे चावी दिलेल्या खेळण्यासारखा पळणारा पांढुरका पक्षी म्हणजे सँडरलिंग. दगड-शेवाळ उलथत फिरणारा टर्नस्टोन. पहिल्या हिवाळ्यात एवढे सात-आठ ओळखता आले तरी भरपूर आहे. उरलेल्यांची नोंद ‘तुतवार, जात अनिश्चित’ अशी करायला लाजू नका. चांगले पक्षीनिरीक्षकही तेच करतात.

यासाठी 8×42 ची दुर्बीण पुरते. दहापट मोठे दाखवणारी घेतली तर वाऱ्यात हात हलतो. चिखलावरच्या पक्ष्यांची खरी गोडी लागली तर मात्र स्पॉटिंग स्कोप आणि तिकाटणे लागतेच, ते कुणाच्या तरी भागीत वापरा. आवाजावरून पक्षी ओळखायला मोबाइलवरचे मर्लिन ॲप मदतीला आहे, पण किनाऱ्यावर वाऱ्याचा आवाज इतका असतो की त्याचे कान इथे फारसे चालत नाहीत. मराठी आणि स्थानिक नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ घरी असावा.

अलिबाग ते हर्णे

वाळूच्या किनाऱ्यांसाठी पंचांग उलट्या बाजूने उघडा. इथे सकाळची भरती हवी, म्हणजे एकादशी किंवा द्वादशी. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी उजेड पाठीशी असतो. पाणी आठ-नऊला पूर्ण चढते आणि साडेसहा-सातला पक्षी वरच्या वाळूच्या अरुंद पट्टीत जमलेले असतात. नऊनंतर उंटगाड्या, स्कूटर आणि पर्यटक येतात आणि खेळ संपतो.

या पट्ट्यातले माझे आवडते ठिकाण अलिबागजवळचे आक्षी. इथली वाळू पूर्ण वाळू नाही, तिच्यात गाळ मिसळलेला आहे, म्हणून चिखलाचे आणि वाळूचे असे दोन्ही पक्षी एकाच किनाऱ्यावर येतात. नोव्हेंबर ते मार्च इथे कुरवांचे मोठे थवे बसतात. तपकिरी डोक्याचा, काळ्या डोक्याचा, अंगाने थोराड पालासचा, असे वेगवेगळे कुरव शेजारी शेजारी उभे असल्याने तुलना करता येते. त्यांच्यात सुरय मिसळलेले असतात: अंगाने सडपातळ, पाय आखूड, शेपटी दुभंगलेली. कालवे आणि शिंपल्या उघडणारा कालवफोड्या त्याच्या लालभडक चोचीमुळे लांबूनच ओळखू येतो.

पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, केळशी, आंजर्ले. या सगळ्यांसाठी एकच सांगणे: पुळणीच्या मधोमध उभे राहू नका. जिथे नदी किंवा खाडी समुद्राला मिळते त्या टोकाला जा. गाळ तिथे, मासे तिथे, पक्षी तिथे. वेळासला मार्च-एप्रिलमध्ये कासवांची पिल्ले बघायला जाणाऱ्यांनी पहाटेचा तो कार्यक्रम झाला की बाणकोट खाडीच्या मुखाकडे एक फेरी जरूर मारावी. कांदळवनाच्या कडेने चाललात तर निळ्या पाठीचा, काळ्या टोपीचा खंड्या दिसण्याची शक्यता मोठी. हा हिवाळ्यात खाडीकाठी हमखास असतो आणि नेहमीच्या खंड्यापेक्षा बुजरा असतो.

हर्णे बंदरात मात्र निसर्गरम्य वगैरे काही शोधू नका. लिलावाच्या वेळी बोटींमागे कुरवांचे जे ढग येतात ते बघा. टाकाऊ मासळीवर चाललेली ती मारामारी जवळून पाहायला मिळते. नाकाला रुमाल लावा, आणि मासे घेणाऱ्या बायकांच्या वाटेत तिकाटणे मांडू नका.

सिंधुदुर्गाकडे

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथल्या वाळूच्या दांड्यावर हिवाळ्यात कुरव आणि सुरय विसावतात. पण जलक्रीडेच्या बोटी सुरू होण्याआधीच जायला हवे. या भागातला खरा मानकरी पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. तो समुद्री साप आणि मासे उचलतो आणि किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचे अवाढव्य घरटे बांधून वर्षानुवर्षे तेच वापरतो. वीण हिवाळ्यात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने या घरट्यांची किनाऱ्यावर पाहणी केलेली आहे. तुम्हाला घरटे सापडले तर लांबून बघा, झाडाखाली थांबू नका, आणि ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका.

निवतीसमोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स हा खडकांचा पुंजका आहे. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची वस्ती आहे. लाळेने बांधलेली त्यांची घरटी चोरीला जात, म्हणून तिथे संरक्षणाचे काम करावे लागले. पावसाळ्यात याच खडकांवर सुरयांच्या एका जातीची वीण होते, पण तेव्हा तिथे बोट जाऊ शकत नाही आणि जाऊही नये. हिवाळ्यात स्थानिक बोटवाल्यांबरोबर खडकांना लांबून फेरी मारता येते. खडकांवर उतरण्याचा हट्ट धरू नका. जाता-येता समुद्रावर नजर ठेवा, किनाऱ्यावरून कधीच न दिसणारे पक्षी त्या तासाभरात भेटू शकतात.

एप्रिल, पाऊस आणि श्रावण

सगळे जग डिसेंबर-जानेवारी सांगते. मी नवख्यांना एप्रिलचा पहिला पंधरवडा सांगतो. उकाडा असतो, घाम निथळतो, पण परतीच्या तयारीत असलेले पक्षी विणीचा पिसारा घालायला लागलेले असतात. चार महिने ज्यांनी डोके पिकवले ते मळकट चिखल्ये छातीवर नारिंगी पट्टा मिरवतात, बाकदार तुतवार विटेसारखा लाल होतो, कुरवांच्या डोक्यावर गडद टोपी येते. ओळखायला याहून सोपा काळ नाही. उत्तरेला हजारो किलोमीटर जायचे असल्याने ते या दिवसांत अधाशासारखे खात असतात, आणि म्हणूनच या दिवसांत त्यांना उडवणे सर्वांत वाईट.

पावसाळ्यात दुर्बीण कपाटात ठेवणारे दोन गोष्टींना मुकतात. एक, किनाऱ्यालगतची भातशेती आणि माडबने. सुगरणींची घरटी जुलैपासून बघण्यासारखी असतात. सालिम अलींनी 1930 मध्ये सुगरणीच्या विणीचा त्यांचा प्रसिद्ध अभ्यास अलिबागजवळच्या किहीमला राहूनच केला होता, आणि त्यासाठी त्यांना घराजवळची झाडे पुरली होती. दुसरी गोष्ट, वादळाने भरकटलेले खोल समुद्रातले पक्षी. जून ते ऑगस्टमध्ये जोराच्या वाऱ्यानंतर मास्क्ड बूबी, काळपट सुरय, शिअरवॉटर किनाऱ्यावर येऊन पडतात. असा पक्षी दिसला तर त्याला समुद्रात परत ढकलू नका, तो दमलेला असतो. तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नका. अंगावर जाड कापड टाकून भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. बूबीची चोच भाल्यासारखी चालते, डोळे सांभाळा.

आणि हिवाळी पाहुणे दिवाळीला येतात हा समज सोडून द्या. श्रावणात, ऑगस्टच्या मध्यावर, पहिले चिखल्ये आणि तुतवार परतलेले असतात. अंगावर विणीच्या रंगाचे थोडे तुकडे अजून असतात. आधी प्रौढ येतात, त्या वर्षीची पिल्ले सप्टेंबरात, स्वतःची वाट स्वतः शोधत. पाऊस थांबलेला एखादा दिवस गाठून नारळी पौर्णिमेच्या आगेमागे खाडीवर जा. गर्दी नसते, हवा धुतलेली असते.

एरवी पाळायचे नियम थोडेच आहेत. थवा मान वर करून तुमच्याकडे बघायला लागला की तिथेच थांबा. उडालाच तर तुम्ही फार जवळ गेलात. फोटोसाठी थवा मुद्दाम उडवणारे लोक प्रत्येक किनाऱ्यावर भेटतात, त्यांना नीट शब्दांत पण सांगाच. ड्रोन नको. आपला कुत्रा बरोबर असेल तर साखळीत. एखाद्याच्या पायात रंगीत कडे किंवा झेंडी दिसली तर कोणत्या पायात, कोणता रंग, कोणती अक्षरे हे टिपा, जमल्यास फोटो घ्या आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. 1883 पासून काम करणारी ही संस्था पक्ष्यांना कडी घालण्याचे काम करते आणि अशा नोंदींवरच त्या कामाचा उपयोग ठरतो.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. त्या वेळी नावाजलेल्या पाच-सहा ठिकाणी माणसे भरपूर मिळतात, मधल्या खाड्या मात्र कुणी मोजत नाही. केळवे, दाभोळ, जयगड, आचरे, मोचेमाड यांच्या आसपास राहत असाल तर आपल्या गावची खाडी निवडा, महिन्यातून एकदा त्याच भरतीला जा, दिसले ते मोजा आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तारखेसह टाका. पाणथळ बुजवण्याचा प्रस्ताव उद्या तुमच्या गावात आला, तर ‘इथे पक्षी येतात’ या तोंडी सांगण्यापेक्षा तीन वर्षांच्या त्या नोंदी जास्त कामाला येतील.